अंबुबाईचा कॅमिओ

सोनाराच्या घरात जन्माला आलं की एक वाईट खोड लागते. समोर बाई आली की आधी तिच्या गळ्याकडे लक्ष जातं, मग तोंडाकडे. माझंही तसंच. नवऱ्याला प्लेगाने नेलं तेव्हा मी माहेरी बेळगावला परत आले आणि पुढे जन्मभर धाकट्या भावाच्या दुकानामागे चूल फुंकत राहिले. दुकान आणि चूल यांच्यामध्ये एकच दार. त्या दारात बसून मी तांदूळ निवडायचे आणि दुकानात आलेली माणसंही निवडायचे. तांदळात खडे कमी निघायचे.

माझा भाऊ मोनाप्पा पोतदार. त्याच्याबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे नवल वाटायला नको. हात सोन्याचा, काळीज सशाचं. आमच्या धंद्याला एक शाप आहे. चोर चोरी करतो, डागिना सोनाराकडे आणून टाकतो आणि पोलीस येतात ते सोनाराच्या दारात. आमच्या वडिलांना असंच कुणाच्या तरी बिलवर बांगड्यांपायी चौकीवर बसवून ठेवलं होतं. घरी आले ते मान खाली घालूनच, आणि ती मान पुन्हा कधी वर झाली नाही. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाला खाकी कापड दिसलं तरी मोनाप्पाला पाणी प्यावंसं वाटायचं. भित्र्या माणसाची मला कीव येते. पण भित्रा माणूस दुसऱ्याचं किती नुकसान करू शकतो हे पाहिल्यापासून कीव जरा कमी येते.

सत्तेचाळीस सालची संक्रांत होऊन गेली होती. कॅम्पातले साहेब लोक बिऱ्हाडं आवरायला लागले होते आणि आपले लोक ती बिऱ्हाडं विकत घ्यायला. काय झुंबड ती! जन्मात काटा-चमचा हातात न धरलेल्यांनी काट्या-चमच्यांच्या पेट्या उचलल्या. एकाने कुत्र्याची वेताची टोपली आणून त्यात नातवाला झोपवलं. साहेब जाणार म्हणून एकीकडे पेढे वाटायचे आणि दुसरीकडे साहेबाच्या आरामखुर्चीवर बसता यावं म्हणून लिलावात एकमेकांच्या उरावर बसायचं.

निपाणीचे नेमगोंडा सावकार त्यात सगळ्यांच्या पुढे. सावकार म्हणजे व्याजबट्ट्याचे नव्हेत, तंबाखूचे मोठे व्यापारी, मानाने सगळे तसं म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. देवळाला देणगी द्यायचे, दुष्काळात वैरण वाटायचे. पण हौस दांडगी. त्यांनी कॅम्पातून पियानो नेला आणि त्याच्यावर तंबाखूचे नमुने मांडून ठेवले. मग चांदीची म्हणून एक चहाची किटली घेतली. घरच्या बायकांनी ती चिंचेने घासली तर खालून पितळ वर आलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सावकार तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकायला लागले.

त्यातच त्यांच्या बायकोने, तारामतीने, कुठल्याशा समारंभात एका मड्डमच्या गळ्याशी कोरीव मुखड्याची पिन पाहिली. त्या डागिन्याला कॅमिओ म्हणतात. बदामी तळ, त्याच्यावर पांढरा बाईचा चेहरा, एका बाजूने दिसावा तसा कोरलेला. तसा मला पाहिजे, असा तिने हट्ट धरला. सावकारांनी आधी कॅम्पातल्या एका लिलाववाल्याला गाठून खऱ्या-खोट्याच्या खुणा शिकून घेतल्या. खरा असेल तर दगडात कोरलेला असतो नाहीतर समुद्रातल्या मोठ्या शंखात. खोटा असेल तर ओतीव काचेचा नाहीतर सेल्युलॉइडचा. त्यांच्या आईने, धोंडूबाईंनी, वर आणखी एक अट घातली. आणायचाच तर दगडाचा आण. शंख म्हणजे जिवाचं हाड, आपल्या जैनाच्या घरात नको. सुनेच्या कानात मोत्यांच्या कुड्या होत्या. मोती कशाच्या पोटातून निघतो हे त्या म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कशाला सांगू?

असा एखादा डागिना आला तर निरोप द्या, असं सावकार मोनाप्पाला सांगून गेले. आणि दोनचार आठवड्यांत अंबुबाई आली.

अंबुबाई खानापूरकडची, गुंजीची. हॅलम साहेबाच्या बंगल्यावर आया होती. बाजाराला आली की आमच्या मागच्या दाराला यायची, पाणी प्यायची, घटकाभर टेकायची. अंगावर फुटका मणी नाही, पण लुगडं स्वच्छ आणि बोलणं त्याहून स्वच्छ. मला ती फार आवडायची. तिचा शेवट तुरुंगात तापाने झाला. हे आत्ताच सांगते, कारण ऐकणाऱ्याला उगीच आशेला लावणं मला जमत नाही.

त्या दिवशी तिने पदराची गाठ सोडली, चिंधी उलगडली आणि माझ्या हातावर तो कॅमिओ ठेवला. अंगठ्याएवढी चौकट, सोन्याची पण काळवंडलेली. आत मान जराशी खाली घातलेली बाई. केसांत द्राक्षाची पानं. नाक असं नाजूक की वाटावं, आत्ता श्वास घेईल.

"विकायचा हाय का गं?" मी विचारलं.

"विकायला तर लागनारच, आक्का. बंगला बंद झाला. आता गुंजीला भाच्याकडं जायाचं." मग ती जवळ सरकली. "पर आदी मला एवढंच सांगा. ह्यो खरा हाय का खोटा?"

"खरा असला तर पैसं जास्ती येतील, म्हणून व्हय?"

"पैशाचं न्हवं ओ," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं.

हॅलम मड्डमला एक मुलगा होता, रॉबिन. अंबुबाई त्याला बाबा म्हणायची. पाळण्यापासून तिनेच वाढवला. बोलायला लागला तो आधी मराठीत. चार वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. मड्डम गरोदर, म्हणून डॉक्टरने तिला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. साहेब शिकारीला गेलेला. पोराचा गळा आतून बंद होत गेला तेव्हा तो अंबुबाईच्या मांडीवर होता, आणि शेवटची हाक त्याने तिलाच मारली. कॅम्पातल्या दफनभूमीत त्याला ठेवून आल्यावर मड्डम स्वयंपाकघरात आली. ती त्याआधी कधी तिथे आली नव्हती. तिने आपल्या गळ्याचा हा डागिना काढला आणि स्वतःच्या हाताने अंबुबाईच्या पदराला टोचला.

"'मेरा माँ का है,' म्हनली. 'तुम उसका माँ था,' म्हनली. आनि माज्या गळ्यात पडून रडली, आक्का. मड्डम! माज्या गळ्यात!"

"मग?"

"मग ती भायेर गेल्यावर बटलर हसाय लागला. म्हनला, येडे, खरा कोन देतंय? ह्या मड्डमा असली काच चाकरमान्यांस्नी द्यायला डबा भरून ठेवत्यात." तिने चिंधीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तवापासनं ते सल राहिलंय. खोटा असंल तर ती बोलली ते बी तोंडदेखलंच न्हवं? मड्डम दिवाळीत बोटीनं गेली. तिला कसं इचारनार व्हते? आता तुमच्या अण्णांनीच सांगावं. पोतदाराच्या तोंडनं एकदा कळू दे."

नाही नाही त्या गोष्टी लोक आमच्या कसोटीवर घासायला आणतात, पण हे असं कुणी आणलं नव्हतं.

मोनाप्पाने डागिना पाहिला, डोळे बारीक केले आणि तिला शनिवारी बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं. निपाणीच्या सर्व्हिस मोटारीबरोबर सावकारांना निरोप गेला. शनिवारी दुपारी सावकार गादीवर येऊन बसले, अंबुबाई उंबऱ्याशी खाली बसली आणि मी माझ्या दारात.

मोनाप्पाने आधी चौकट कसोटीच्या काळ्या दगडावर ओढली. पिवळा कस उमटला.

"सोनं चोख हाय," तो म्हणाला.

सावकार पुढे झुकले. "सोन्याचं ऱ्हाऊ दे. मुखडा बघा. लिलाववाला म्हनलाय, सुई तापवून मागनं टेकवायची. सेल्युलॉइड असंल तर कापराचा वास येतोय."

सुई तापली, टेकली. मोनाप्पाने वास घेतला, सावकारांनी घेतला. कापूर नाही. मग मोनाप्पाने तो दातांवर हलकेच वाजवून पाहिला. काच दाताला गार लागते आणि निसरडी लागते. हा तसा लागला नाही. मग त्याने तो दाराच्या उन्हात धरला. ऊन चेहऱ्यातून आरपार आलं आणि ती बाई आतून उजळली. अंबुबाईच्या तोंडून हलकेच "आई गं" निघालं. शेवटी मोनाप्पाने भिंग डोळ्याला लावलं आणि कितीतरी वेळ तो केसांतली ती पानं बघत राहिला. मोनाप्पा सोनं सोडून कशाला भुलत नाही, पण त्या वेळी भुलला.

"ओतीव न्हवं, सावकार. प्रत्येक केस येगळा हाय. हत्याराची वळणं दिसत्यात. कुना कारागिरानं डोळं फोडून कोरलाय ह्यो. खरा हाय. लई खरा हाय."

अंबुबाईने दोन्ही हात तोंडावर धरले. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. तिची इतक्या वर्षांची गाठ सुटली आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. त्या घटकेला ती उठून गेली असती तर! पण तसं व्हायचं नव्हतं. कारण एकेक परीक्षा पार पडत होती तसं अंबुबाईचं तोंड खुलत होतं आणि सावकारांचं मिटत चाललं होतं.

"बाई," ते म्हणाले, "तुला कुटं गावला ह्यो?"

"मड्डमनं दिला. बाबा गेला तवा."

"खरा डागिना? गळ्यातला? आईचा?"

"व्हय."

सावकारांनी पानाचा डबा बंद केला. "माझी आज्जी मेली तवा घरात जन्मभर राबलेल्या बाईला आमी एक लुगडं दिलं. ते बी आज्जीनं नेसलेलं. आनि मड्डम आयेला हे देती?" मग मोनाप्पाकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "खोटा असता तर मी म्हनलो असतो, दिला असंल. खरा हाय म्हंजे चोरलेला हाय."

ऐका! शहाण्या माणसाचा न्याय. आपण कुणाला काही दिलं नाही, म्हणून जगात कुणी कुणाला देत नाही. मी दारातून म्हणाले, "सावकार, ती बाई आमच्या वळखीची हाय." पण बाजारात विधवा बहिणीच्या शब्दाला तोळामासा वजन नसतं. सावकारांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोतदार, उद्या ह्यो माझ्या बायकोच्या गळ्यात, आनि परवा कुनी साहेब म्हनला की वळखीचा वाटतोय, तर? चोरीचा माल घेनारा बी चोर, आनि दुकानात मांडनारा बी."

मोनाप्पाचा चेहरा पांढराफटक पडला. वडिलांची खाली गेलेली मान त्याला दिसली असणार. मला दिसली. त्याने घाईघाईने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, उगीच इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

"थांबा सावकार. मघाशी मी नीट बघितलं न्हवतं. काच हाय ही. विलायती काच. लई हुबेहूब करत्यात. फसलो मी."

"अण्णा?" अंबुबाई म्हणाली.

मोनाप्पाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मोन्या," मी म्हणाले, "बाईच्या तोंडाकडं बघून बोल की रं."

"काच हाय म्हनलो न्हवं!" तो माझ्यावर खेकसला. खोटं बोलणारा माणूस नेहमी घरच्यांवरच खेकसतो.

आता सावकारांसारख्या तंबाखूच्या व्यापाऱ्याला, पान नुसतं चिमटीत धरून ते कुठल्या शेतातलं हे सांगणाऱ्याला, मोनाप्पाची लटपट कळणार नाही? ते हसले. पुन्हा पानाचा डबा उघडला.

"काच? बरं झालं. मग बाई चोर न्हाय, तुमी न्हाय, मी न्हाय. सुटलो सगळी. पर चौकटीचं सोनं चोख हाय न्हवं? तेवढं मी घेतो. तेजाबातनं काढा आनि तोला."

आमच्या घरचा नेम पंचक्रोशीला ठाऊक होता. कुठलाही जुना डागिना मळासकट तोलायचा नाही. कोळशावर तांब्याच्या भांड्यात चिंचेचं पाणी उकळायचं, त्यात तेजाबाचे, म्हणजे ॲसिडचे, थेंब टाकायचे आणि डागिना त्यात सोडायचा. मळ जातो, सोनं लखलखतं, मग ताजव्यात तोलायचं. गिऱ्हाइकाची फसवणूक नको म्हणून आजोबांनी घालून दिलेला नेम, आणि त्यावरच आमच्या दुकानाचं नाव.

"आदी काच काढून घेतो," मोनाप्पा पुटपुटला.

"कशाला? काचेला तेजाब कुटं लागतंय? तुमच्याकडं काचेच्या खड्यांच्या पाटल्या तशाच सोडत्यात, मी बघितलंय."

सावकारांनी त्याला बरोबर चिमट्यात धरलं होतं. नाही म्हणावं तर काच नव्हे हे कबूल. आणि खरं सांगायचं तर तो मुखडा कशाचा आहे हे मोनाप्पालाही ठाऊक नव्हतं. दगड असेल असं तो समजून चालला होता, आणि दगडालाही तेजाब सहसा लागत नाही. आमच्या सात पिढ्यांत शंखाचा डागिना कुणी घडवला नव्हता की मोडला नव्हता. सोनं, चांदी, खडे. जे तेजाबाला भितं ते आमच्या लेखी डागिनाच नव्हतं. त्याने अंबुबाईला न विचारताच चिमट्याने कॅमिओ उचलला आणि उकळत्या भांड्यात सोडला.

क्षणभर काही नाही. मग भांडं फसफसायला लागलं. सोडा वॉटरची बाटली फोडल्यासारखा पांढरा फेस त्या चेहऱ्यातून वर येऊ लागला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गल्लीतले वैद्य भस्मासाठी कवड्या लिंबाच्या रसात भिजत घालायचे. त्या अशाच फसफसायच्या.

"काढ रं मोन्या! शंख हाय त्यो! काढ!"

त्याने झडप घातली. चिमटा भांड्यावर आपटला, डागिना निसटला, पुन्हा तळाला गेला. मी धावत जाऊन भांडंच आडवं केलं. कोळसे चरचरले, सगळीकडे आंबट धूर झाला. मोनाप्पाने डागिना उचलून गार पाण्यात टाकला आणि मग तो फडक्यावर ठेवला. आम्ही चौघंही त्याच्यावर वाकलो.

चौकट नव्या लग्नातल्यासारखी पिवळीधमक झाली होती. आत बाई नव्हती. नाक गेलं होतं, पानं गेली होती, केस गेले होते. वापरून झिजलेली साबणाची वडी उरावी तसा एक खडूसारखा उंचवटा तेवढा राहिला होता.

आणि अंबुबाई हसली. त्या दुकानात त्या वेळी आनंद झालेली ती एकटीच होती.

"बघा," ती म्हणाली, "काच असती तर अशी गळली असती व्हय? खरा हाय. मड्डमनं खराच दिलता मला."

तिने तो ओला डागिना फडक्यावरून उचलून तळहातावर घेतला. तिच्या ध्यानात आलं नव्हतं की जे तिला मिळालं ते गेलं होतं, आणि जे ती बोलली ते तिलाच नडणार होतं.

सावकार उठून उभे राहिले. "पोतदार, तू मला काच म्हनून सांगितलंस. चोराला पाठीशी घालत हुतास."

"न्हाय सावकार! देवाशपथ न्हाय!" मोनाप्पाने अक्षरशः हात जोडले. "तिनं आणला, मी बघितला. ती कोन, कुठली, मला काय म्हाईत? मी तर तिला आजच बघतोय."

वर्षानुवर्षं ती बाई आमच्या माठातलं पाणी प्यायली होती. माझ्या तापात तिने माझं डोकं चेपलं होतं. मी मोनाप्पाला त्या दिवशी जे बोलले ते इथे सांगत नाही. त्याने ते सगळं खाली मान घालून ऐकलं आणि तरी शब्द मागे घेतला नाही.

सावकारांनी आपल्या मोटारीचा ड्रायव्हर चौकीवर पाठवला. त्यांना अंबुबाईचं वाकडं करायचं नव्हतं, त्यांना फक्त आपलं नाव स्वच्छ हवं होतं. अशा स्वच्छतेपायी किती माणसं पायाखाली जातात! थोड्या वेळाने भरमाप्पा हवालदार आला. थकलेला माणूस. त्या दिवसांत कॅम्पातल्या प्रत्येक बंगल्यातून काही ना काही गेल्याची तक्रार होती आणि प्रत्येक आयाची, बटलरची ट्रंक उचकून त्याचे हात दुखत होते. त्याने माझ्या हातचा चहा घेतला, सगळ्यांचं ऐकलं आणि तो खडूचा गोळा बोटाने उलटसुलट केला.

"साहेब गेला. मड्डम गेली. आता ह्यो माझा म्हनून सांगायला कोन येनार?" तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने अंबुबाईकडे पाहिलं. "मावशी, त्या बंगल्यातनं चांदीचं सामान गेल्याची तक्रार साहेब जाताना देऊन गेलाय. फौजदार कुनाला तरी धरायचं म्हनतोय. तू खरा डागिना बाळगून हुतीस असं झालं तर समदं तुझ्याच अंगावर येतंय. समजलं?"

"समजलं."

"मग ऐक. ह्यो खोटा हुता. काचेचा, बाजारातला. मड्डमनं सनाला दिलता, पोतदाराच्या हातनं बिघडला. एवढं तोंडानं म्हन, ही चौकट घे आनि जा घरला. मी बी सुटतो."

दुकानात सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. सावकारांनी मान हलवली. मोनाप्पाने तर दहादा हलवली. मीसुद्धा पुढे झाले, तिच्या पाठीवर हात ठेवला. "म्हन गं बाई. बोलायला काय जातंय? म्हन आनि सूट."

अंबुबाई अंगठ्याने तो गोळा चाचपत होती. नाक जिथे होतं तिथे तिचा अंगठा पुन्हा पुन्हा जात होता. पोराचं तोंड पुसावं तसा.

"खरा व्हता," ती म्हणाली.

"मावशी!"

"खरा व्हता, हवालदार. बाबाच्या आईनं दिलता."

"अगं, खरा म्हनलीस की चोरी ठरती. डोस्क्यात शिरतंय का तुझ्या? खोटा म्हन."

"कसं म्हनू?" ती म्हणाली. "खोटा म्हनलं म्हंजे ती बी खोटं बोलली. मग बाबा मेला तवा मी कोन व्हते? नुसती चाकर? माज्या मांडीवर जीव सोडला त्येनं. मला आई म्हनून गेला त्यो. तुमी मला आत घाला, मारा, पर त्ये माज्या तोंडानं म्हनवून घेऊ नगा."

हवालदाराने आणखी दोनदा विचारलं. वाईट माणूस नव्हता तो. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं. मग त्याने टोपी घातली आणि चौकट रुमालात बांधून खिशात टाकली.

"चल तर मग."

ती उठली. उंबऱ्यापाशी थांबली आणि मोनाप्पाकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मागणं होतं. ज्यासाठी ती मुळात आमच्या दारी आली होती तेच मागणं.

"अण्णा, तुमी जानकार. भिंगातनं बघून तुमीच म्हनलासा. आता जाताजाता एकदा सांगा. खरा व्हता न्हवं?"

मोनाप्पाने हवालदाराकडे पाहिलं. सावकारांकडे पाहिलं. मग सांडलेल्या कोळशांकडे बघत तो म्हणाला, "काच हुती."

अंबुबाईच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला सांगता येत नाही. भांड्यात त्या मुखड्याचं झालं तसंच काहीतरी. सोनाराने सांगितलं. जाणकाराने सांगितलं. मघाशी ती म्हणाली खरी, पण काच अशी गळते की नाही हे त्या बिचारीला नक्की कुठे माहीत होतं? एवढ्यात ज्याची खात्री झाली होती ते तिचं पुन्हा डळमळलं, आणि ती शंका घेऊनच तिला आता आत जायचं होतं.

मी धावत तिच्यापाशी गेले, तिचे दोन्ही हात धरले. "खोटं बोलतोय त्यो! ऐक माझं, अंबुबाई. काच न्हाय गळत. शंख हुता, खरा हुता. मड्डमनं खरा दिला तुला. मी सांगते न्हवं, मी!"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझा हात थोपटला, जणू समजूत माझीच काढायची होती.

"तुमी मायेनं म्हनताय, आक्का," ती म्हणाली आणि हवालदाराच्या पुढे चालायला लागली.